मिरजेचा नंबर

मिरजेला दोन प्रकारचे रोगी येतात. पहिल्या प्रकारचे रोगी स्वतःच्या पायांनी, नाही तर कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन गाडीतून उतरतात. दुसऱ्या प्रकारचे रोगी कापडी खोळीत गुंडाळून, पोटाशी धरून आणावे लागतात. त्यांच्यापैकी कोणाचा आवाज बसलेला असतो, कोणाची तार बोलत नसते, कोणाच्या भोपळ्याला प्रवासात चीर गेलेली असते. माणसे आणि तंबोरे या दोघांचीही दुखणी एकाच गावात बरी व्हावीत, असे दुसरे गाव महाराष्ट्रात असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

या योगामागे थोडा इतिहास आहे. विल्यम वॉन्लेस नावाचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले. पुढे १९६२ साली येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि भोवताली खाजगी दवाखान्यांची रांगच उभी राहिली. तंबोऱ्यांची हकीकत त्याहूनही जुनी. येथील शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस संपत आले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तो हात तारांच्या वाद्यांकडे वळवला. त्यांच्या वंशजांची गल्ली आज सतारमेकर गल्ली म्हणून ओळखली जाते आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

औषध आणि गाणे यांची गाठ येथे फार पूर्वीच पडली आहे. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून औषधपाण्यासाठी मिरजेत आला. डोळे पुरते सुधारले नाहीत. पण गळा ओळखला गेला आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. तेच पुढे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले आणि १९३७ साली प्रवासात पैगंबरवासी झाल्यावर येथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसाच्या वेळी तेथे अजूनही गाणे होते.

तर अशा या गावात पाऊल टाकल्यावर परक्या माणसाला जो पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: “नंबर लावलाय का?”

नंबर ही मिरजेची खरी वेस. पुण्याकडून, कोल्हापुराकडून, बेळगावाकडून आणि पंढरपुराकडून येणारे रूळ येथे एकत्र येतात. एके काळी तर रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ या स्टेशनात होते. प्रत्येक गाडीतून रोगी उतरतात, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर एका वहीपुढे सारे सारखे होतात. ती वही सांभाळणारा कंपाउंडर, हल्लीच्या भाषेत रिसेप्शनिस्ट, या गावचा खरा दिवाण. डॉक्टरांची वेळ त्याच्या पेन्सिलीत असते.

यंदाच्या पावसाळ्यात या वहीला मी फोन केला तेव्हा फोनवर माणूस नव्हता.

माझी आत्या सांगलीला विश्रामबागेत राहते. वय वर्षे सत्त्याहत्तर. वर्तमानपत्रातली अक्षरे पुसट दिसू लागली म्हणून तिला मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे होते. त्याच खेपेत आमच्या सौभाग्यवतींचा तंबोरा सतारमेकर गल्लीत पोहोचवायचा, असाही हुकूम होता. मी पुण्याहून दवाखान्याचा नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटेला एक गोड आवाज आला:

“नमस्कार. मी दवाखान्याची स्वयंचलित मदतनीस बोलत आहे. मी माणूस नसून यंत्र आहे. आपल्याला कोणत्या दिवशी यायचे आहे?”

यंत्राने स्वतः होऊन आपण यंत्र आहोत असे सांगावे, हा प्रामाणिकपणा मला आवडला. मी म्हणालो, “येत्या गुरुवारी. अकरा-सव्वाअकराच्या सुमारास.”

क्षणभर शांतता. मग आवाज म्हणाला, “आपल्याला दोन रुग्णांची नोंद करायची आहे का? एक अकरा वाजता आणि एक सव्वाअकरा वाजता?”

मी मराठीचा अध्यापक. वर्गात भाषेची लवचीकता समजावताना मला असे सुरेख उदाहरण कधी सुचले नव्हते. आपण मराठी माणसे वेळ सांगतो ती मुळी बिंदूत सांगतच नाही. ‘दहा-साडेदहा’ म्हणजे दहा नव्हे आणि साडेदहाही नव्हे. ती दोन्हींच्या मधली एक ऐसपैस ओसरी आहे. त्यातून आपले सव्वा, पावणे, दीड, अडीच. त्यातून ‘परवा’, जो मागेही असतो आणि पुढेही. त्यातून ‘जेवणं झाली की’ आणि ‘दिवेलागणीला’. आणि मिरजेत तर निम्मे लोक बोलता बोलता कानडीत शिरतात आणि उद्याला ‘नाळे’ म्हणून मोकळे होतात. एवढे सगळे ऐकून घेऊन वहीतले एक घर भरायचे हे काम काही सोपे नाही. अखेर आमचे अकरा वीसवर जमले. पाठोपाठ मोबाईलवर संदेश आला. त्यात दिवस बरोबर होता, वेळ बरोबर होती, नावही बरोबर होते. फक्त आत्याचे वय सत्तर पडले होते. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “राहू दे तसंच. यंत्र म्हणतंय तर खरंच असेल.”

वाचकांपैकी पुष्कळांना अशा आवाजाची आता सवय झाली असेल. पण याची सुरुवात मजेशीर आहे, म्हणून सांगतो. ८ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे गूगल कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात सुंदर पिचाई यांनी एका टेलिफोन संभाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यात एक यंत्र केशकर्तनालयात फोन करून कोणा बाईंसाठी वेळ ठरवत होते. पलीकडची बाई म्हणाली, एक क्षण थांबा. तर यंत्राने चक्क माणसासारखा ‘म्-हं’ असा हुंकार दिला! सभागृहात हशा पिकला. पिचाई यांनी त्या वेळी असेही सांगितले, की अमेरिकेतल्या शंभरांपैकी साठ लहान व्यवसायांकडे संगणकावर वेळ ठरवण्याची सोयच नाही. नंतर पुष्कळांनी हरकत घेतली, की पलीकडच्या बाईला आपण यंत्राशी बोलतो आहोत हे कळायला नको का? तेव्हा कंपनीने जाहीर केले, की यंत्र आपली ओळख देईल.

गंमत पाहा. तेव्हा यंत्र गिऱ्हाइकाच्या बाजूने दुकानात फोन करीत होते. आता ते दुकानात जाऊन बसले आहे आणि गिऱ्हाइकाचा फोन घेत आहे. आत चालते ते साधारण असे: आपले बोलणे प्रथम अक्षरांत उतरवले जाते, त्या अक्षरांचा अर्थ लावला जातो, मग वहीतले रिकामे घर शोधून ते आपल्या नावाने भरले जाते, आणि उत्तराची अक्षरे पुन्हा आवाजात बदलून आपल्या कानावर पडतात. पहिली पायरी चुकली की पुढच्या साऱ्या बिनचूक रीतीने चुकतात. सत्त्याहत्तराचे सत्तर होतात ते तेथे. इंग्रजीच्या मानाने आपल्या भाषांचा असा आवाजी साठा थोडा. तो वाढावा म्हणून केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ नावाचा उपक्रम सुरू केला. पण सरकारी साठ्यात मिरजेच्या स्टेशनवरची मराठी कितपत शिरेल, हे मिरजेच्या स्टेशनवर उतरल्याखेरीज कळायचे नाही.

म्हणून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. तंबोऱ्याला खिडकीची बाजू दिली आणि मी कडेला अवघडून बसलो. किर्लोस्करवाडी आली तेव्हा बाहेर झुंजुमुंजू होत होते. उसाच्या फडांवर धुके होते. सांगली गेली, आणि पावसाळी उजेडात मिरज आली.

दवाखान्याला अवकाश होता. स्टेशनपासून जवळच एका लहानशा केशकर्तनालयात दाढीला बसलो. दोन खुर्च्या, एक बाक, भिंतीवर आरसा आणि आरशाच्या कोपऱ्यात दत्ताची तसबीर. मालक तिशी-पस्तिशीचे गृहस्थ. गालाला फेस लावून झाला आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. दोनदा वाजून तो आपोआप गप्प झाला.

“घ्या की,” मी म्हणालो.

“घेतला त्यानं,” ते म्हणाले. “सर, डाव्या हातात गाल असतोय, उजव्या हातात वस्तरा. फोन घ्यायचा कुठल्या हातानं? आधी फोन वाजायचा, मी घ्यायचो नाही, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. लग्नसराईत एक फोन चुकला तर नवरदेव आणि त्याचे चार मित्र गेले म्हणून समजायचं. आता मशिन बोलतंय, व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर देतंय. तासभर आधी आठवण पण करतंय. नंबर लावून न येणारी माणसं निम्म्यानं कमी झाली बघा.”

लहान व्यवसायात या यंत्राचा शिरकाव का झाला याचे यापेक्षा नेमके विवेचन मला कोणत्या अहवालात सापडेल असे वाटत नाही. मोठ्या इस्पितळात फोन घ्यायला माणसे असतात. शिंपी, न्हावी, दातांचे डॉक्टर, ब्यूटी पार्लरची मालकीण, चष्मेवाला यांचे हात हेच त्यांचे भांडवल. आणि फोन नेमका ते हात गुंतलेले असतानाच वाजतो.

“त्रास काहीच नाही?” मी विचारले.

“झाला की सुरवातीला! त्यानं सगळ्यांना पंचवीस-पंचवीस मिनिटं दिली. टक्कल असलेल्या पेन्शनराला पण पंचवीस, आणि हळदीच्या नवरदेवाला पण पंचवीस. मग त्याला शिकवलं, बारकं काम वेगळं, मोठं काम वेगळं. सोमवारी दुकान बंद असतंय, हे पण सांगावं लागलं. आणि ही दुसरी खुर्ची आहे ना, तिचे नंबर मी त्याला देतच नाही.”

“का बरे?”

त्यांनी वस्तऱ्याने बाकाकडे खूण केली. तेथे दोन म्हातारे वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन वाचत बसले होते. “ह्यांच्याकडं कुठला व्हॉट्सअ‍ॅप? वडलांच्या वेळेपासूनची गिऱ्हाईकं. येतात, बसतात, जमलं की दाढी करतात. एक खुर्ची मशिनची, एक खुर्ची माणसांची. आणि दिवाळीच्या आदल्या दोन दिवशी मशिन बंदच ठेवतो. तेव्हा सगळं गावच येतंय. त्याला नंबर कसला लावायचा?”

एक खुर्ची यंत्राची आणि एक माणसांची, ही वाटणी ध्यानात ठेवून मी विश्रामबागेतून आत्याला घेऊन अकराला दवाखाना गाठला.

दवाखाना टापटीप होता. भिंतीवरच्या पडद्यावर नंबर उजळत होते. पडद्याखाली टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना सारे अक्का म्हणत. वीस वर्षे त्या येथे आहेत असे कळले. पूर्वी वही त्यांच्याकडे होती. आता वही यंत्राकडे गेली होती आणि अक्कांकडे पैसे घेणे, पावत्या देणे आणि रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालणे एवढे उरले होते. तरी जुनी वही त्यांनी खणात ठेवलेली मला दिसली.

आम्ही बसलो आणि पाच-दहा मिनिटांत एक वृद्ध जोडपे आत आले. म्हाताऱ्याच्या डोक्याला पटका, एका डोळ्यावर रुमाल दाबलेला. म्हातारीच्या हातात पिशवी. रायबागकडून सकाळच्या गाडीने आले होते. बंगळूरच्या नातवाने फोन करून नंबर लावला होता, तो दुपारी चार दहाचा. पडद्यावर आपले नाव नाही हे पाहून म्हातारा टेबलाशी गेला.

“अक्का, चारला आत घेतलं तर आमची गाडी कशी गावायची ओ?”

यंत्राला गाडी ठाऊक नव्हती. त्याने पहिले रिकामे घर दिले होते. नातवाने त्याला ‘आजोबांना नीट दिसत नाही’ एवढे सांगितले आणि त्याने ‘दृष्टी तपासणी’ असा शेरा मारून घर भरले. त्यात त्याची चूक म्हणावी तर काहीच नाही. विचारले तेवढे त्याने केले होते.

अक्कांनी मान वर केली. गाडीबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, “मामा, तो रुमाल काढा बघू.”

डोळा लालभडक होता.

“दुखतोय?”

“कालच्यान् लई ठणकतोय. डोस्कं बी.”

“उलटी झाली?”

“रातीला दोनदा झाली,” म्हातारी म्हणाली.

“दिव्याकडं बघितलं की दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात?”

म्हाताऱ्याला नवल वाटले. “होय की! इंद्रधनुष्यावाणी. तुला कसं कळलं?”

अक्का उठल्या आणि दार न ठोठावता आत गेल्या. परत आल्या त्या थेट आत्यापुढे उभ्या राहिल्या. “आजी, आता तुमचा नंबर आहे. यांना आधी घेऊ का? तुम्हाला त्यांचा चारचा नंबर देते.”

आत्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “अहो, घ्या की! मी काय, सांगलीची. मला घरी जायला हवी तेव्हा बस आहे.”

तो डोळा काचबिंदूचा होता. आणि तोही हळूहळू वाढणारा नव्हे, तर एकाएकी डोळ्यातले पाणी अडून दाब चढवणारा. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी लगेच औषधे देऊन दाब उतरवायला सुरुवात केली. पुढे लेझरने डोळ्यात बारीक वाट करावी लागेल, त्यासाठी मुक्काम करावा लागेल, असे अक्कांनी म्हातारीला कानडीत समजावून सांगितले. गाडीचा प्रश्न तेथेच मिटला.

मी विचार करीत राहिलो. नंबर त्यांच्या गाडीच्या वेळेत बसला असता, तर म्हातारा टेबलाशी गेला असता का? यंत्राने सोयीचा नंबर दिला असता, तर तो रुमाल दाबून मुकाट्याने बाकावर बसला असता. अडचण झाली म्हणून तो माणसाकडे गेला, आणि माणसाने त्याच्याकडे पाहिले म्हणून पुढचे सारे घडले. अक्कांची वही म्हणजे नुसती वेळांची यादी नव्हती. कोणाला आधी घ्यायचे याचा निवाडा त्या वहीत दररोज होत होता. पण तो कागदावर लिहिलेला नसल्यामुळे यंत्राकडे वही गेली तेव्हा तो त्याच्यासोबत गेला नाही.

आम्हाला चारपर्यंत वेळ मिळाला होता. आत्याला एका ओळखीच्या घरी सोडून मी तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. तेथे जागोजागी भोपळे वाळत होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे हे कडू भोपळे खायचे नव्हेत, गायचे. एका दुकानात साठीचे कारागीर घोडीवर कानस फिरवीत बसले होते. पलीकडे त्यांचा पुतण्या मोबाईलवर होता.

मी खोळ काढली. त्यांनी चारी तारा एकदा छेडल्या आणि डोळे मिटले. “जवारी गेली आहे,” ते म्हणाले. “घोडी घासावी लागेल.”

ज्यांना तंबोऱ्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. तार ज्या पट्टीवरून जाते ती घोडी. तिचा माथा अतिशय हलक्या उताराचा घासलेला असतो. तार त्याला नुसती चाटून जाते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुती धागा सरकवला की स्वर उमलून येतो. तो उतार केसभर बिघडला की तंबोरा मुका होतो. हे घासणे मापाने होत नाही. घासायचे, तार चढवायची, ऐकायचे. पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायचे.

“किती वेळ लागेल?” मी विचारले.

“बसा. ऐकल्याशिवाय कसं सांगू?”

पुतण्या हसला. “सर, आम्ही पण ते बुकिंगचं मशिन लावून बघितलं. गिऱ्हाइकाला विचारायचं, काम काय आहे? गिऱ्हाईक सांगायचं, जवारी. मशिन द्यायचं एक तास. चाचांचं काम कधी वीस मिनिटांत होतंय, कधी दोन दिवस एकाच घोडीवर बसतात. चार गिऱ्हाइकं दारात उभी राहिली. शेवटी तासांचे नंबर बंद केले. आता मशिन फक्त एवढंच सांगतं, की दुकान कधी उघडं आहे, चाचा आज बसलेत का, आणि वाद्य कसं बांधून आणायचं. लांबच्या लोकांना त्याचाही उपयोग होतो, हेलपाटा वाचतो.”

मला हा तोडगा शहाणपणाचा वाटला. यंत्राला हाकलून दिले नव्हते आणि डोक्यावरही बसवले नव्हते. त्याला जे येते तेवढे काम त्याच्याकडे ठेवले होते. तंबोरा मात्र त्या दिवशी तयार झाला नाही. तो तेथेच ठेवून मी दवाखान्यात परतलो.

आत्याचा मोतीबिंदू होता, पण अजून घाईचा नव्हता. डॉक्टर तरुण आणि मोकळ्या स्वभावाचे होते. मी सकाळच्या प्रसंगाचा विषय काढला. ते म्हणाले, “यंत्र काढून टाकावं असं मला वाटत नाही. पूर्वी दुपारी आणि रात्री फोन वाजत राहायचा, कोणी घ्यायचं नाही. लांबचे लोक नंबर नाही म्हणून परत जायचे. ते आता होत नाही. पण नंबर देण्याआधी काय विचारायचं हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. ते अक्कांना ठाऊक होतं, आणि अक्कांना कोणी विचारलं नव्हतं.”

त्याच संध्याकाळी, आम्ही पावती घेत असताना, अक्का फोनवर कोणाला तरी प्रश्न सांगत होत्या. पलीकडे यंत्राची व्यवस्था पाहणारा मुलगा असावा. “लिही: डोळा दुखतो का? लाल झाला का? एकाएकी दिसेनासं झालं का? डोळ्याला मार लागलाय का? आणि ते कड्यांचं लिही. नाही, तसं अवघड नको. मी म्हणते तसंच लिही. आणि दर तासाला एक नंबर रिकामा ठेव. तो मी देणार. गाडीनं येणाऱ्यांसाठी.”

घरी परतताना आत्या बसमध्ये म्हणाली, “त्या बाईला काढून टाकणार नाहीत ना रे?” मलाही तीच काळजी होती. यंत्राच्या महिन्याच्या भाड्याची आणि माणसाच्या पगाराची तुलना करणे हिशेबाच्या वहीत फार सोपे असते. त्या दिवशी वाचलेला डोळा कोणत्या रकान्यात मांडायचा, हे मात्र त्या वहीत नसते.

शहरातल्या आपल्या घरांतही आता ही गोष्ट आली आहे. दातांच्या डॉक्टरची वेळ असो, पार्लरची असो, की कपड्यांची मापे द्यायला जायचे असो, फोन यंत्र उचलते. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. रात्री अकराला मुलाचा दात दुखू लागला तर दुसऱ्या दिवशीची वेळ लगेच मिळते, ही सोय लहान नव्हे. पण यंत्राशी बोलताना दोन-तीन गोष्टी मागायचा आपल्याला हक्क आहे. आपण यंत्राशी बोलतो आहोत हे त्याने आधी सांगावे. ‘माणसाशी बोलायचे आहे’ असे म्हटल्यावर माणूस मिळावा. आणि आपले नाव, वय, दुखणे हे सारे कोठे लिहिले जाते व कशासाठी, हे कळावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीचे कारण सांगून संमती घेण्याचे तत्त्व आहेच. दुकानदारांना काही सांगायचा अधिकार मला नाही. ते स्टेशनजवळच्या त्या केशकर्तनालयातून आणि सतारमेकर गल्लीतून शिकता येईल.

पुढच्या महिन्यात आत्याच्या दुसऱ्या तपासणीसाठी मी पुन्हा फोन केला. तोच गोड आवाज आला. त्याने आपण यंत्र असल्याचे सांगितले. दिवस मात्र लगेच विचारला नाही.

“आधी सांगा,” आवाज म्हणाला, “डोळा दुखतोय का? लाल झालाय का? दिव्याकडं बघितलं की दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? यातलं काहीही असलं तर नंबर घेऊ नका. लगेच या. आल्यावर अक्कांना भेटा.”